१२वी सायन्सनंतर बीए पॉलिटिकल सायन्स करायचंय, पुढे नक्की काय होतं? खरं खरं सांगा

उदगीरची_पोर

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय इथे, लांबण लागलं तर सांभाळून घ्या. यंदा १२वी सायन्स झाली, ६४ टक्के पडले. आमच्या लातूर जिल्ह्यात सायन्स घेतलं म्हणजे नीट नाहीतर जेईई, तिसरं काही नसतंच, पण फिजिक्स माझ्याच्यानं होत नाही हे ११वीतच कळलं होतं आणि रिपीट मारायची अजिबात इच्छा नाही. मला बीए करायचंय, पॉलिटिकल सायन्स घेऊन.

का, तर आई मागच्या टर्मला ग्रामपंचायत सदस्य होती, महिला राखीव जागेवर, आणि तिची सगळी कागदं मीच वाचायचे. १५व्या वित्त आयोगाचे पैसे आले की त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचे, ४० टक्के अबंधित, आणि आमच्या गावात मात्र ज्याला त्याला दारापुढं पेव्हर ब्लॉकच पाहिजे. ग्रामसभेत आराखडा एक वाचला जायचा आणि सहीला येणारा ठराव वेगळाच असायचा. असं का होतं, कुणाच्या हातात नक्की काय असतं, हे शोधून काढायला मला मजा यायची. अभ्यास असा असेल तर मी दिवसभर करीन.

पप्पा म्हणतात बीएला कुत्रं विचारत नाही. मामा म्हणतो कर, एमपीएससीला उपयोग होतो. शेजारचे काका म्हणाले पुढारी व्हायचंय का पोरी, पंचवीस एकर आहे का घरी. आता मला एवढंच विचारायचंय की एमपीएससी सोडून ह्या डिग्रीवर काही असतं का, का शेवटी सगळे तिथंच जातात? आणि कॉलेज लातूरलाच बघू का पुण्याला, दिल्लीचं पण नाव ऐकलंय पण माझं १०वीपर्यंत मराठी मीडियम आहे आणि इंग्लिश वाचता येतं पण बोलताना ततपप होतं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

पेठेतला_जुना

मामाचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते आधी सांगतो कारण सगळे तिथूनच फसतात.

मी राज्यशास्त्र घेऊनच बीए केलं, मग पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससी, आता तलाठी आहे, म्हणजे नवीन नावाने ग्राम महसूल अधिकारी, नाव मोठं झालं काम तेच. पूर्व परीक्षेत राज्यघटना हा जीएसचा, म्हणजे सामान्य अध्ययनाचा, एक भाग असतो, बाकी इतिहास भूगोल अर्थशास्त्र विज्ञान चालू घडामोडी आणि वर सीसॅट, म्हणजे कल चाचणीचा पेपर. इंजिनिअरिंगची पोरं तीन महिन्यात एक पुस्तक पाठ करून तेवढा भाग आपल्याइतकाच करतात, कटू आहे पण असंच आहे. खरा फायदा मेन्सला. राज्यसेवा २०२५ पासून वर्णनात्मक झालीये, युपीएससीसारखी, १७५० मार्कांची मेन्स आणि त्यात ५०० मार्क वैकल्पिक विषयाचे. त्यात राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध घेता येतं, जीएसच्या दुसऱ्या पेपरात गव्हर्नन्स राज्यघटना परराष्ट्र धोरण हेच सगळं येतं आणि निबंधाला पण कामी येतं. तीन वर्षं नीट लिहायची सवय लागलेली असेल तर तिथे फरक पडतो, ऑप्शनवाल्या पेपरात गोल काळे करून काढलेल्यांचे आता हाल आहेत.

पण आकडे बघ. युपीएससीला जागा हजाराच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या वर. २०२३च्या तलाठी भरतीला जागा ४,६४४, अर्ज तिथंही दहा लाखांच्या पुढे. शास्त्री रोडच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, खुर्चीला घरून आणलेली उशी बांधलेली, टेबलावर नाव चिकटवलेलं, आणि पोरगा तिशी ओलांडलेला. घरी सांगतो यंदा शंभर टक्के. राज्यात ओपनला वयोमर्यादा ३८ आहे ना, ती सोय वाटते पण तीच घात करते, कारण थांबायला कुणी सांगतच नाही. त्यामुळे परीक्षा द्यायची तर दे, मी पण दिली आणि पोट भरतंय त्याच्यावर, फक्त किती वर्षं देणार ते आत्ताच वडिलांसमोर बोलून ठेव. आणि डिग्री परीक्षेसाठी करू नको. तुझं ते बंधित अबंधित वाचून वाटलं की तुला विषयाची आवड आहे, ती टिकव.

सडेतोड_अण्णा

बीकॉम कर, टॅली शीक, महिन्याला पगार सुरू. प्लेटो ॲरिस्टॉटलने कुणाचं घर चालत नाही. राग मानू नये.

तासिकावाली

अण्णा, प्लेटो ॲरिस्टॉटल शिकवूनच माझं घर चालतं, अर्धं का होईना 😄

बाळा, मी सीनियर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते, सीएचबीवर. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर, जेवढे तास घेशील तेवढे पैसे, मे महिन्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत, आणि झालेल्या तासांचं बिल कधी निघेल ते देवाला माहीत. तेव्हा प्राध्यापक व्हायचं स्वप्न कुणी दाखवलं तर हे आधी डोक्यात ठेव. पात्रता काय तर एमए, मग सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा. सेट पुणे विद्यापीठ घेतं महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, नेट देशभराची. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तर मात्र चांगलं, पीएचडीची पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० मिळतात आणि पुढे ४२,०००. जेआरएफ काढलेली मुलं मी पाहिलीत, घरी पैसे पाठवून पीएचडी करतात. ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर एमए बीएड, पण तिथेही अनुदानित जागा निघायची वाट बघत बसावं लागतं.

आता अभ्यासाबद्दल, कारण ते कुणीच सांगत नाही. पहिल्या वर्षी राज्यघटना आणि भारतीय शासन, त्यात तुला मजा येईल. पुढे राजकीय सिद्धांत, पाश्चात्त्य विचारवंत, भारतीय विचारवंत, लोकप्रशासन, आंतरराष्ट्रीय संबंध, महाराष्ट्राचं राजकारण. आमच्या वेळी जी-२, एस-१, एस-२ असे जनरल आणि स्पेशल पेपर असायचे, स्पेशलला काय घेतलंस हाच पहिला प्रश्न, आता नव्या धोरणात मेजर मायनर झालंय, तिसऱ्या वर्षी बीए घेऊन बाहेर पडता येतं नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स. कॉलेजं बहुतेक तीच, शिकवणारेही तेच. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दुकानात जे गाईड मिळतं त्यात मॅकियाव्हेली दीड पानात संपतो, त्यावर पास होतात, सत्तर टक्के पण पडतात, आणि मग म्हणतात डिग्रीचा उपयोग नाही. कसा होणार गं? वर्गात १२० नावं आणि समोर बसलेली १८. त्या अठरातली तीन चार मुलं मात्र प्रश्न विचारतात, त्यांचं मला कधी वाईट झालेलं दिसलं नाही.

मायनरला अर्थशास्त्र घे, सोपं म्हणून दुसरं काही घेऊ नको. तू सायन्सची आहेस, आकड्यांना घाबरत नसशील, आमच्या विषयातल्या मुलांची तीच कमजोर बाजू असते. संविधान सभेतल्या चर्चा नेटवर फुकट वाचायला मिळतात, इंग्लिश सुधारायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, रोज चार पानं वाच. डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण आधी वाच आणि मग मला सांग कंटाळा आला का.

तारांकित

मॅडमनी शिकवण्याचं सांगितलं, मी वेगळी बाजू सांगतो. मी एका आमदारांकडे काम करतो, कुठले कुठल्या पक्षाचे ते सोडा. पीए नाही हां, पीए लग्नाच्या पत्रिका आणि गाडीचा डिझेल बघतो 😅 मी विधिमंडळाचं काम बघतो, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात विचारायचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा.

लोकांना वाटतं आमदार उभा राहतो आणि मनात येईल ते बोलतो. त्याच्या मागे कागद असतो. तारांकित प्रश्नाचा ठरलेला साचा असतो, "अमुक तालुक्यातील अमुक योजनेचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आता तुम्ही पहिला भाग ढिसाळ लिहिलात, तारीख चुकली किंवा गावाचं नाव चुकलं, तर उत्तर येतं "हे खरे नाही" आणि पुढच्या दोन्ही भागांना "प्रश्न उद्भवत नाही". संपलं! सहा महिने वाट बघून एवढंच हातात. म्हणून पहिला भाग असा बांधायचा की खात्याला "हे खरे आहे" नाहीतर "अंशतः खरे आहे" यापलीकडे लिहिता येऊ नये. त्यासाठी शासन निर्णय काढायचा, नंबर आणि तारखेसकट, जिल्हा परिषदेतून माहिती अधिकारात कागद मागवायचा, मागच्या अधिवेशनात त्याच खात्याने काय लेखी दिलंय ते शोधायचं. "अंशतः खरे आहे" आलं की आमच्याकडे चहा फिरतो.

ताई तू ग्रामपंचायतीची कागदं वाचतेस म्हणजे हे काम तुला आत्ताच निम्मं येतं, खरं सांगतो. एमए झालेली मुलं येतात आमच्याकडे आणि त्यांना शासन निर्णय वाचता येत नाही, तिसऱ्या ओळीत झोप लागते.

ह्या कामाला रस्ते कुठले तर दिल्लीत पीआरएस म्हणून संसदेच्या कामाचा अभ्यास करणारी संस्था आहे, त्यांची लॅम्प फेलोशिप २०१० पासून चालू आहे, एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून बजेट अधिवेशनापर्यंत काम, पदवी कुठलीही चालते. आपल्याकडे मुख्यमंत्री फेलोशिप, २०१५ला सुरू झाली, मध्ये बंद होती, २०२३ला परत सुरू, त्याला पदवीला ६० टक्के आणि वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो, वय २१ ते २६. आणि एमएला गेलीस तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विद्यापीठांच्या राज्यशास्त्राच्या मुलांसाठी संसदीय अभ्यासवर्ग असतो विधान भवनात, नाव नक्की दे, तिथे सभागृह आतून बघायला मिळतं. वि. स. पागे यांच्या नावाचं प्रशिक्षण केंद्र पण आहे विधिमंडळाचं, हेच ते रोजगार हमीवाले पागे.

वाईट बाजू पण सांगून टाकतो. आमदार पडला की नोकरी गेली. पगार आमदाराच्या मर्जीवर. आणि इलेक्शनच्या काळात वॉर रूममध्ये रात्री दोनला मेसेज येतो की उद्या सकाळच्या भाषणाला मुद्दे पाठव. कन्सल्टन्सीवाल्या कंपन्या पण अशाच, निवडणुकीआधी धडाधड पोरं घेतात आणि निकाल लागला की करार संपला. पैसा तेवढ्यापुरता बरा मिळतो.

सडेतोड_अण्णा

म्हणजे शेवटी पुढाऱ्याच्या मागेच फिरायचं ना.

तारांकित

अण्णा तुमच्या गल्लीत लाईट नव्हती तेव्हा कुणाकडे गेला होतात? 🙏

उदगीरची_पोर

बापरे एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. तारांकित दादा ते "प्रश्न उद्भवत नाही" वाचून खूप हसले, आईला पण वाचून दाखवलं, ती म्हणे आमच्या बीडीओ साहेबांनी पण असंच लिहून दिलं होतं.

मॅडम भाषण वाचायला घेतलंय, डिक्शनरी जवळ ठेवून. एक विचारायचं होतं, सर्वे, रिसर्च असलं काही असतं ना ह्यात? टीव्हीवर निवडणुकीत दाखवतात ते कोण करतं? आणि ते मुलींना जमतं का, म्हणजे घरचे फिरू देतील का हा पण प्रश्न आहे.

फिरस्ती

हा माझा प्रांत, मी सांगते. आणि मुलींना जमतं का म्हणजे काय, मुलींशिवाय होतच नाही, घरातल्या बायकांशी बोलायला मुलगीच लागते.

आधी टीव्हीवरचं आणि ह्यातलं अंतर समजून घे. एक्झिट पोल म्हणजे मतदान करून आलेल्याला विचारायचं, ते चॅनेलच्या घाईत होतं. दुसरा प्रकार म्हणजे निवडणुकीचा अभ्यास, त्यात कोण जिंकणार यापेक्षा लोकांनी कशाला मत दिलं, का दिलं, जात, शेती, शिक्षण, वय यांचा काय संबंध, हे बघतात. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती उपक्रम १९९७ पासून हेच करतो, आणि आपल्या पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचा त्यात मोठा हात आहे, सुहास पळशीकर सर तिथेच शिकवायचे आणि लोकनीतीचे सहसंचालक. महाराष्ट्राच्या राजकारणावर मराठीतून नीट लिहिणारी एक अख्खी फळी त्या विभागातून तयार झाली, राजेंद्र व्होरा सर, यशवंत सुमंत सर. पुण्याचं विचारतेस म्हणून सांगितलं.

मी एमए करत असताना सर्वेला जायचे, मराठवाड्यातच जास्त. मतदार यादीतून नावं आधीच काढलेली असतात, ठरावीक अंतराने, आणि तुला त्याच माणसाला गाठायचं असतं, शेजारचा रिकामा बसलाय म्हणून त्याला विचारून चालत नाही. यादीत नाव असतं, वय असतं, नवऱ्याचं नाव असतं, आणि गावात गेल्यावर कळतं की मुलगी लग्न होऊन गेली, पोरगा चाकणला कंपनीत, आणि बीडकडं गेलीस आणि ऊसतोडीचा हंगाम असला तर अख्खी वस्ती कुलपात, फक्त म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. ते पण लिहून आणायचं.

एका घरात यादीतलं नाव बाईचं होतं, पंचावन्नच्या आसपास वय. मी प्रश्न विचारला की त्या म्हणायच्या ह्यांना विचारा, मला काय कळतंय. नवरा, दीर, सरपंचाचा माणूस असे चौघं ओसरीवर बसलेले आणि उत्तरं तेच द्यायला लागले. मी पाणी मागितलं आणि त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. तिथे चुलीसमोर बसून त्या बाईंनी घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव कशामुळे आलं, रेशनला अंगठा उठत नाही म्हणून किती चकरा झाल्या, आणि मत कुणाला द्यायचं हे घरात कोण ठरवतं आणि त्या प्रत्यक्षात काय करतात, हे सगळं सांगितलं. मताच्या प्रश्नाला आम्ही चिन्हांची खोटी मतपत्रिका द्यायचो, खूण करून घडी घालून डब्यात टाकायची, आम्हीही बघायचं नाही. त्यांनी पदराआड धरून खूण केली. ओसरीवरच्या चौघांची उत्तरं मी फॉर्मवर घेतली असती तर त्या बाईंच्या नावावर सरपंचाच्या माणसाचं मत गेलं असतं.

हे काम दुपारी उन्हात फिरून, एसटीची वाट बघून होतं आणि दिवसाचे पैसे विद्यार्थ्याला खर्चापुरते मिळतात, करिअर हे नाही. करिअर त्याच्यापुढे आहे. फॉर्म आला की तो कॉम्प्युटरवर कसा चढतो, "सांगता येत नाही"ला वेगळा कोड का द्यायचा, नमुना कसा काढायचा, टेबल कसं वाचायचं. एक्सेल तर पाहिजेच, एसपीएसएस किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअरं शिकून घे. मी सध्या मुंबईत एका संस्थेत रिसर्चचं काम करते. आमच्यासारख्या बऱ्याच आहेत, मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवक आमदारांच्या कामाचे अहवाल काढतं, दिल्लीत एडीआर उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांतून संपत्ती आणि गुन्हे काढून टेबल करतं. निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केले त्या केसमध्ये एडीआर अर्जदार होती. असल्या ठिकाणी पगार आयटीच्या जवळपास पण नसतो आणि बरेचदा प्रोजेक्ट संपला की पुढचं शोधावं लागतं, पण मराठीतून गावात बोलू शकणारी आणि इंग्लिशमधून अहवाल लिहू शकणारी माणसं खरंच कमी आहेत. पहिलं तुला येतंच.

घरच्यांना सांग की टीममध्ये नेहमी दोघं असतात आणि अंधार पडायच्या आत परत येतात. माझ्या आईला तेवढंच ऐकायचं होतं.

काळाकोट_कोल्हापूर

कुणीच लॉचं नाव काढलं नाही म्हणून मी काढतो. बीए नंतर तीन वर्षांचं एलएलबी, सीईटी द्यायची, झालं. राज्यशास्त्रवाल्याला घटनेचा पेपर घरचा वाटतो.

उदाहरण घे. २०२२ला सरकार पडलं तेव्हा प्रत्येक पानटपरीवर दोन तृतीयांश, दोन तृतीयांश चाललं होतं. दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, १९८५ला आलं, ५२वी घटनादुरुस्ती. तेव्हा त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य होती, ती तरतूद २००३च्या ९१व्या दुरुस्तीने काढली. आता उरलं ते विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश लागतात. म्हणजे दोन तृतीयांश गोळा झाले की आपोआप वेगळा गट मान्य, हा जो समज होता तो कायद्यात कुठेच नाही, आणि मग भांडण मूळ पक्ष कोणता आणि विधिमंडळ पक्ष कोणता यावर गेलं. ११ मे २०२३ला घटनापीठाने सांगितलं की व्हिप, म्हणजे प्रतोद, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं चुकीचं होतं, पण मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिलेला असल्याने जुनं सरकार परत आणता येत नाही. निकाल वाचताना कायदा आणि राजकारण दोन्ही कळत असेल तरच मजा येते. आमच्या बॅचला सरळ पाच वर्षांचं लॉ केलेली हुशार पोरं होती, तारखा पाठ, पण राज्यपाल असं का वागतात म्हटलं की गप्प.

फक्त एक, वकिलीत पहिली काही वर्षं सीनियरच्या फायली उचलायच्या, हातात पेट्रोलपुरते. घरून आधार असेल तरच. जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाची, परीक्षा पण आहे, पण ती आधी नव्या पदवीधरालाही देता यायची, मे २०२५ला सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. ती एमपीएससीच घेते, म्हणजे मामा जिंकला 😂

मुनिरका_मराठी

दिल्लीबद्दल दोन शब्द, मी इथे एमए करतोय, परभणीचा आहे. दिल्लीतल्या केंद्रीय विद्यापीठांत बीएला सीयूईटी या देशभराच्या प्रवेश परीक्षेतून ॲडमिशन होतं २०२२ पासून, आणि तो फॉर्म १२वीच्या परीक्षेच्या आसपासच भरायचा असतो, तू भरला नसशील तर यावर्षी विषय संपला. पण काही बिघडत नाही. बीए महाराष्ट्रात कर आणि एमएला सीयूईटी पीजी दे, जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद, मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) पण आता त्याच परीक्षेतून घेतं. एमएला आलेली मराठी मुलं पहिल्या सेमिस्टरला वर्गात मान खाली घालून बसतात, इंग्लिशची भीती, मी पण बसायचो, आणि बाजूचा बिहारचा मुलगा मोडक्या इंग्लिशमध्ये बिनधास्त वाद घालायचा. दुसऱ्या सेमपर्यंत होतं सगळं. लिहिण्यावर मेहनत घे, बोलणं मागून येतं.

बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या योजना तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बघून ठेव, पीएचडीला फेलोशिप असते आणि स्पर्धा परीक्षेच्या कोचिंगला पण मदत. जाहिरात येते आणि मुदत संपल्यावर आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरते, म्हणून वेबसाईट स्वतः बघत जा.

तासिकावाली

हैदराबादचं बरं आठवण केलंस, उदगीरहून दिल्लीपेक्षा हैदराबाद किती जवळ पडतं, रात्री बसलं की सकाळी दारात. एमएला ते पहिलं नाव ठेव गं.

उदगीरची_पोर

सीयूईटी नाही भरलं, कुणी सांगितलंच नव्हतं आमच्या कॉलेजात. मग पुणे किंवा लातूर. पप्पांना फिरस्ती ताईंचं आणि तारांकित दादांचं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण रात्री विचारत होते की पुण्यात राहायला महिन्याला किती लागतात. म्हणजे निम्मं काम झालं असं आई म्हणतेय. पेठेतले दादा तुम्हीच सांगा आता, कमीत कमी किती धरू?

पेठेतला_जुना

पेठेत बघूच नको, कॉटचं भाडं आणि मेस मिळून वडिलांना घाम फुटेल, तिथला भाव स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी वाढवून ठेवलाय. कॉलेजचं स्वतःचं मुलींचं हॉस्टेल आहे का ते आधी विचार, आणि ॲडमिशन ज्या दिवशी त्याच दिवशी हॉस्टेलचा फॉर्म पण भर, उद्या भरू म्हणालीस की जागा गेली. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज ऑनलाईन असतो, बसत असशील तर तो वेगळा टाक. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कमवा आणि शिका योजना असते, लायब्ररीत नाहीतर ऑफिसात दोन तीन तास काम, महिन्याचा वरखर्च निघतो, पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी विकास अधिकारी कोण आहेत विचारून नाव दे.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा असेल तर तो, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल, सगळं आत्ताच सेतूतून काढायला टाक. जूनमध्ये सर्व्हर बंद असतो आणि आमच्या ऑफिसबाहेर रांग बसस्टँडपर्यंत जाते. तलाठ्याचा अहवाल लवकर पाहिजे असेल तर सकाळी अकराच्या आत गाठ, दुपारनंतर तो पंचनाम्याला गेलेला असतो. खरंच गेलेला असतो, हसू नका.